खडीचे लाडू आणि चोरून बघितलेली पोनी

ताई, नमस्कार.

मी ऐरोलीत राहतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. नात पहिलीत आहे, आम्ही तिला छकुली म्हणतो. शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत ती माझ्याकडे असते. जेवण झालं की तासभर कार्टून, हा आमचा शिरस्ता.

सूनबाईंचा नियम आहे की राजकन्या, पऱ्या, पोनी असलं गुलाबी काही लावायचं नाही, त्याने मुली नुसत्या नटायला शिकतात. छोटा भीम, लिटल सिंघम, मोटू-पतलू, डोरेमॉन चालेल. छकुलीला मात्र ती रंगीत घोड्यांची पोनीच हवी असते. मी लावून देतो. आवाज बारीक ठेवतो आणि दाराशी किल्ली वाजली की भीम लावतो. शेजारचा एक मुलगाही बघायला येतो, तिच्याहून थोडा मोठा. "खाली कुणाला सांगू नका हं आजोबा," अशी शपथ घालतो. मागच्या आठवड्यात सूनबाई लवकर आल्या आणि आम्ही पकडले गेलो. "बाबा, तुम्ही तिची बाहुली करून ठेवाल," एवढंच म्हणाल्या, पण नंतर घरात अबोला होता.

दुसरी गोष्ट. सोसायटीच्या बागेत मुलं भीम-भीम खेळतात. त्यात छकुली कायम चुटकी, म्हणजे भीमला लाडू देणारी त्याची मैत्रीण. घसरगुंडीपाशी उभी राहून खडीचे लाडू मांडून ठेवते. मुलगे येतात, लाडू 'खातात' आणि पुन्हा लढायला पळतात. भीम होतो तो आमच्या शेजारचाच. परवा मला म्हणाली, "आजोबा, मला पण भीम व्हायचंय. पण मुली भीम नसतात."

चूक कुणाची? सूनबाईंशी कसं बोलू? पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे, तिला पोनीचं दप्तर आणि पोनीचा केक हवाय. आणू की नको?

– एक आजोबा, ऐरोली

काका, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून झालं तसा मी एक कागद घेतला आणि त्यावर दोन याद्या केल्या. सूनबाईंनी 'चालेल' म्हटलेल्यांची एक, बंदी घातलेल्यांची दुसरी. 'चालेल'मध्ये ढोलकपूर आहे. तिथे भीम, राजू, कालिया, ढोलू, भोलू, जग्गू माकड, आणि मुलगी एक, चुटकी. राजकन्या इंदुमती येते अधूनमधून, पण ती महालातली, रोज उंडारणाऱ्या टोळीतली नव्हे. फुरफुरी नगरात मोटू, पतलू, घसीटाराम, डॉक्टर झटका, चिंगम, जॉन. तिथे बाई शोधावी लागते. डोरेमॉनमध्ये नोबिता, जियान, सुनियो आणि एकटी शिझुका. लिटल सिंघमबद्दल वेगळं सांगायला नको.

आता बंदीची यादी. तुमची ती रंगीत घोड्यांची मालिका म्हणजे 'माय लिटल पोनी', तिचा २०१० ते २०१९ या काळात चाललेला अवतार. त्यात मुख्य पात्रं सहा, आणि सहाच्या सहा मुली. एक सदान्‌कदा पुस्तकात डोकं घालून बसणारी. एक सफरचंदांची बाग राबून सांभाळणारी. एक कपडे शिवून दुकान चालवणारी. एक वाऱ्याच्या वेगाने उडणारी आणि तेवढीच बढाईखोर. एक बेकरीत काम करणारी, जिला गप्प बसणं जमत नाही. आणि एक माणसांपुढे तोंड न उघडणारी, पण प्राण्यांशी तासन्‌तास बोलणारी. ज्या लॉरेन फॉस्ट यांनी हा अवतार घडवला, त्यांनी आधी 'पॉवरपफ गर्ल्स'वर काम केलं होतं. त्यातल्या तीन चिमुरड्या बहिणी रोज शहर वाचवायच्या आणि झोपायच्या वेळेला घरी यायच्या. म्हणजे पोनी दिसते गुलाबी, पण तिच्यामागे डोकं कुठलं होतं ते बघा.

सूनबाईंचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल पुढे लिहिते. पण यादी करताना त्यांनी रंग बघितला आणि डोकी मोजायची राहून गेली. छकुलीने ती मोजली असणार. या वयाची मुलं हिशेबाला पक्की असतात, फक्त आपल्याला सांगायला येत नाहीत.

टोळीत मुलगी एकच असली की काय होतं, ते तुमच्या घसरगुंडीपाशी दिसतंच आहे. मुलग्यांना प्रत्येकी एकेक स्वभाव वाटून मिळतो. भीम ताकदवान, राजू लहान पण धीट, कालिया खादाड आणि दमदाटी करणारा, ढोलू-भोलू त्याच्या मागे मागे करणारे. चुटकीच्या वाट्याला येतं ते मुलगी असणं. मग मुलीने जे जे करायचं असं आपण समजतो ते सगळं त्या एकटीने करायचं. समजूत घालायची, काळजी करायची, भांडण मिटवायचं, ऐन लढाईत लाडू पुरवायचा. तिला आळशी, चिडकी, भित्री, विसरभोळी असायला जागाच उरत नाही, कारण ती तशी निघाली तर 'मुली अशाच असतात' असा अर्थ होईल. कालिया खादाड आहे म्हणून सगळे मुलगे खादाड, असं कुणी म्हणत नाही.

याला एक नाव आहे. अमेरिकन लेखिका कॅथा पॉलिट यांनी १९९१ साली आपल्या लहान मुलीच्या निमित्ताने कार्टून बघता बघता ते दिलं, 'स्मर्फेट तत्त्व'. स्मर्फ म्हणजे ते निळे बुटके, बेल्जियममध्ये पेयो नावाच्या चित्रकाराने काढलेले. तुमच्या मुलाने कदाचित पाहिले असतील. त्या गावात एक चष्मेवाला शहाणा, एक आळशी, एक कुरकुऱ्या, एक बढाईखोर, आणि एक स्मर्फेट. तिची ओळख काय, तर ती बाई आहे. कथेत तिला निर्माण करतो तोही खलनायक, बुटक्यांच्या गावात भांडणं लागावीत म्हणून. ती आधी काळ्या केसांची असते, तेव्हा सगळ्यांना नकोशी वाटते. केस सोनेरी होतात आणि सगळे तिच्यावर लट्टू. हे १९६६ सालचं. पुढे हॉलिवूडच्या जीना डेव्हिस या नटीने आपल्या लहानग्या लेकीबरोबर कार्यक्रम बघताना हाच हिशेब केला आणि २००४ मध्ये या विषयाच्या अभ्यासासाठी संस्थाच काढली. त्यांच्या अभ्यासात कौटुंबिक चित्रपटांत तीन पुरुष पात्रांमागे एक स्त्री पात्र, असं प्रमाण निघालं.

चुटकीवर अन्याय नको करायला. ती हुशार आहे, वेळ आली तर दोन हात करते, आणि २००८ मध्ये भीम सुरू झाला तेव्हा पडद्यावर स्वतःचं डोकं वापरणारी देशी पोरगी दिसणं हेही थोडं नव्हतं. पण तिच्याबद्दल लोक काय विचार करतात ते २०२० च्या जूनमध्ये दिसलं. भीमचं लग्न इंदुमतीशी झालं अशी अफवा उठली आणि 'चुटकीला न्याय द्या' म्हणून समाजमाध्यमांवर एकच गदारोळ. शेवटी मालिका काढणाऱ्या ग्रीन गोल्ड कंपनीला जाहीर खुलासा करावा लागला, की अहो, ही सगळी अजून लहान मुलं आहेत, कुणाचंही लग्नबिग्न झालेलं नाही. भीम बघत मोठी झालेली ही पोरं. त्यांच्या लेखी न्याय म्हणजे काय, तर भीमने तिच्याशी लग्न करणं. एवढे लाडू दिले त्याची भरपाई! गमतीचा भाग सोडा, पण चुटकीच्या मनात काय असेल हे विचारणारं मला त्या गदारोळात कुणी दिसलं नाही.

आता शिझुका. तिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या घरातल्या प्रकरणाची किल्ली तिच्याकडे आहे. शिझुका म्हणजे आदर्श मुलगी. अभ्यासू, गोड बोलणारी, स्वच्छतेची इतकी आवड की दिवसातून कितीदा अंघोळ करते कुणास ठाऊक. पियानोच्या शिकवणीला जाते. पण नीट बघाल तर चित्रकाराने तिला दोन वेगळेच छंद दिले आहेत. एक व्हायोलिन. ती ते मनापासून वाजवते आणि भयंकर वाजवते, ऐकणारे पळ काढतात. आणि दुसरं म्हणजे भाजलेलं रताळं. हो, रताळं, आपण एकादशीला खातो तेच. ते तिला जिवापाड आवडतं आणि त्याची तिला लाज वाटते. मुलीच्या जातीने रताळ्यावर असं तुटून पडणं शोभत नाही, म्हणून ती ते लपवते. कुणाला कळलं की लाल होते.

काका, आवाज बारीक करून बघितलेली पोनी म्हणजे तुमच्या घरातलं रताळं आहे.

सूनबाईंनी पोनी बंद केली ती छकुली खंबीर व्हावी म्हणून. पण छकुलीच्या पदरात काय पडलं? मला जे आवडतं ते वाईट आहे, ते दार लावून बघायचं असतं, आईची किल्ली वाजली की लपवायचं असतं. आणि भीम चांगला, कारण तो मुलग्यांचा. मुलींच्या गोष्टी हलक्या आणि मुलग्यांच्या गोष्टी भारी, हे जुनं गणित आपल्या आज्या सांगायच्या तेच, फक्त आता ते मुलीच्या भल्यासाठी म्हणून सांगितलं जातंय. फ्रिलचा फ्रॉक घालून एखादी मुलगी राक्षसाला लोळवत असेल तर तो फ्रॉक कुणाच्या आड येत नाही. आणि जीन्स घातलेली मुलगी सबंध भाग 'अब क्या होगा, भीम?' एवढंच म्हणत उभी असेल, तर त्या जीन्सचा उपयोग नाही. ती मुलगी गोष्टीत करते काय, तिला स्वतःला काही हवं आहे का, ते मिळवायला ती धडपडते का, चुकते का, चुकली तर तिला दुसरी संधी मिळते का, एवढं बघा. रंग नंतर.

या चष्म्याने बघाल तर काही गोष्टी गमतीशीर दिसू लागतील. मघाशी ज्यांचं नाव घेतलं त्या पॉवरपफच्याच मालिकेत महापौरांची एक हुशार साहाय्यक आहे, सगळा कारभार तीच हाकते, पण तिचा चेहरा पडद्यावर येऊच देत नाहीत. फक्त बांधा दिसतो! तीन सुपरहिरो मुलींच्या मालिकेत हे. उलट शिनचॅन, जो तुमच्या यादीत नाही (आणि का नाही ते मला समजतं), त्यात नेने नावाची पोरगी रागावली की कापडी सशाला ठोसे घालते. तिची भातुकली म्हणजे नवऱ्याचं उशिरा येणं, पैशांची ओढाताण आणि कडाक्याचं भांडण, आणि ती ती मुलग्यांना जबरदस्तीने खेळायला लावते. शिनचॅनची आई तर दुपारी लवंडते, सेलमध्ये साड्यांवर, म्हणजे त्यांच्या ज्या काय असतील त्यांवर, झडप घालते, पोरावर डाफरते आणि त्याच्यासाठी धावत सुटते. मला विचाराल तर मुलांच्या वाहिन्यांवरची सगळ्यात खरी बाई तीच. नोबिताच्या आईला झाडू आणि ओरडणं यापलीकडे फारसं काही दिलेलं नाही.

शिझुकाबद्दल आणखी एक, आणि हे तुम्ही आजोबा म्हणून सांगायचं आहे. नोबिता त्या कुठेही नेणाऱ्या दारातून अचानक तिच्या न्हाणीघरात उगवतो, ती किंचाळते, पाणी उडवते, आणि तो प्रसंग हसण्यावारी जातो. अनेक भागांत आहे हे. तुम्हाला अवघड वाटून तुम्ही त्या वेळी पेपर चाळत असाल. तसं करू नका. शेजारचा मुलगा बसलेला असताना सरळ म्हणा, "हे काही बरोबर नाही केलं याने. दार वाजवायचं असतं." बस. भाषण नको. आजोबा म्हणाले हे दोघांच्याही लक्षात राहील.

आता सूनबाई. त्यांची भीती खोटी नाही, हे आधी मनात मान्य करा, मग बोलायला जा. पोनीचा जन्म खेळण्याच्या दुकानात झाला, गोष्टी मागाहून आल्या. अमेरिकेत १९८४ मध्ये मुलांच्या कार्यक्रमांवरचे जाहिरातीचे नियम सैल झाले आणि खेळणी विकण्यासाठी कार्टून काढायची लाटच आली. मुलग्यांसाठी तलवारवाला ही-मॅन १९८३ मध्येच आला होता, मग मुलींच्या खिशात हात घालायला १९८५ साली त्याची बहीण शी-रा. निळं एकीकडे, गुलाबी दुसरीकडे. एकाच घरात दोन मुलं असतील तर आईबापांनी सगळं दोनदा घ्यावं, यात धंद्याचं हित आहे. ते आपल्याकडेही पोचलंय. ठाण्यात जांभळी नाक्यावर जून उजाडला की दप्तरांच्या माळा लटकतात. तुम्ही मुलाचं वय सांगायच्या आत दुकानदार विचारतो, "मुलगा की मुलगी?" आणि उत्तराप्रमाणे त्याची काठी डावीकडच्या नाहीतर उजवीकडच्या माळेकडे जाते. डावीकडे भीम, स्पायडरमॅन, गाड्या. उजवीकडे राजकन्या. सूनबाईंना राग आहे तो त्या काठीचा, आणि तो योग्य आहे. फक्त तो पोनीच्या गोष्टीवर निघतोय.

गुलाबी रंगाचं म्हणाल तर तो मुलींच्या नावावर लिहून ठेवलेला नाही. आपल्या लग्नांत मामा, काका, करवले गुलाबी फेटे बांधून मिरवतातच की. आणि तुम्ही तर ऐरोलीकर! खाडीवर दरवर्षी फ्लेमिंगो उतरतात, त्यांच्यात नर आणि मादी दोघंही गुलाबी. पिल्लं करडी असतात, शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन खाऊन त्यांना रंग चढतो. थंडीत त्या जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, भरतीचं वेळापत्रक बघून दोन्ही पोरांना घेऊन जा. शेजारच्या भीमला नर कुठला ते ओळखायला सांगा.

त्या मुलाबद्दल मला तुमच्या नातीपेक्षाही जास्त वाटलं. छकुली उद्या भीम झाली तर चार लोक कौतुक करतील, 'वा, पोरगी धीट आहे.' हा मुलगा पोनी बघतो असं बागेत कळलं तर त्याचं काय होईल ते त्याला चांगलं ठाऊक आहे, म्हणून तर शपथ. मुलींना मुलग्यांच्या अंगणात जायला आता दार किलकिलं झालंय. मुलग्यांना मुलींच्या अंगणात डोकवायलाही बंदी आहे, आणि त्या बंदीचा अर्थ छकुली रोज पाठ करते आहे, की मुलींचं ते कमी प्रतीचं. तुम्ही त्याची शपथ पाळा. त्याच्या आईकडे विषय काढू नका, चिडवू नका, 'अरे तू तर भीम ना?' असं गमतीतही म्हणू नका. पण त्याला विचारा, सहांतली कुठली आवडते आणि का. माझी खात्री आहे, तो 'वेगाने उडणारी' म्हणणार नाही, दुसरीच कुठली तरी म्हणेल.

'मुली भीम नसतात' याला मात्र तुमच्याकडे हुकमी पत्ता आहे. हिंदीत छोटा भीमला वर्षानुवर्षं आवाज दिला तो सोनल कौशल या मुलीने. डोरेमॉनलाही तिनेच आवाज दिला. मुलाखतींमध्ये ती हे आवाज काढून दाखवते, यूट्यूबवर सापडेल. छकुलीला दाखवा. भीमचे तोंडचे संवाद एका मुलीच्या तोंडून निघताना बघितले की तिचा चेहरा कसा होतो, ते मला नक्की कळवा. सूनबाईही घरात असतील तेव्हाच दाखवा. आणि तुमच्या पिढीला तर हे उलट बाजूनेही ठाऊक आहे. बालगंधर्व रंगमंचावर ज्या तऱ्हेने लुगडं नेसायचे, दागिने घालायचे, केसांत फुलं माळायचे, ते बघून त्या काळच्या चांगल्या घरच्या बायका तसं नेसू-माळू लागल्या. बाईपण कसं मिरवावं हे एका पुरुषाने शिकवलं आणि महाराष्ट्राने टाळ्या वाजवल्या.

बागेतल्या खेळात तुम्ही पडायचं का? बाकावरून उठून 'आज छकुली भीम' असं फर्मान काढू नका, उद्यापासून तिला खेळातच घेणार नाहीत. पण मुलांचे स्वतःचे कायदे असतात, ते वापरा. राज्य कुणावर हे ठरवायला ती चकतात ना? मग भीम कोण हेही चकून ठरवा, एवढं एकदा सहज सुचवून बघा. न्याय्य गोष्ट मुलांना चटकन पटते, मोठ्यांपेक्षा लवकर. तेवढ्याने झालं नाही तर दुसरा उपाय आहे, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात आयुष्य काढलेल्या माणसाला तो मी काय शिकवणार! चुटकीचा संप. छकुलीला हळूच विचारा, "आज लाडू दिलेच नाहीत तर?" मागण्या काय ठेवायच्या ते तिला ठरवू द्या. एक दिवस भीम व्हायचं, की राक्षस व्हायचं (राक्षस व्हायला मुलींना फार आवडतं, पण विचारतंय कोण), की लाडू चोरीला गेलेत आणि ते शोधायला सगळ्यांनी चुटकीच्या मागे जायचं, असा नवा खेळच मांडायचा. तिला कदाचित लाडू करणंच आवडत असेल, तेही असू शकतं. मग तेही ठीक. फक्त ते तिने निवडलेलं असू दे.

सूनबाईंशी बोलताना पहिलं वाक्य माफीचं असू द्या, पोनी दाखवल्याबद्दल नव्हे, लपवल्याबद्दल. घरात वडीलधारा माणूस आईपासून लपवायला शिकवतो, हे त्यांना पोनीपेक्षा जास्त लागलं असणार. दुसरं, वाद घालू नका, सोबत बसा. रविवारी तिघांनी एकेक भाग निवडायचा, तुम्ही एक, सूनबाई एक, छकुली एक, आणि तिन्ही भाग तिघांनी बघायचे. मुलगा घरात असेल तर त्यालाही ओढा, तुमच्या पत्रात त्याचं मत कुठेच नाही. सूनबाईंच्या वाट्याला मी 'ब्लूई' सुचवते, ऑस्ट्रेलियातली, सात-सात मिनिटांचे भाग. निळं कुत्र्याचं पिल्लू, आणि ती मुलगी आहे. धाकटी बहीण तांबूस. निळा रंग बघून कितीतरी जण ब्लूईला मुलगा समजतात, तुम्हीही आधी समजाल. बाप दिवसभर पोरींबरोबर खेळून घायकुतीला येतो, ते तुमच्या चिरंजीवांना दाखवायला हरकत नाही.

तुमच्या वाट्याला 'मीना'. नव्वदच्या दशकात युनिसेफने दक्षिण आशियातल्या मुलींसाठी काढली, आणि ती घडवली मुंबईच्या राम मोहन यांनी, भारतीय ॲनिमेशनमधला ज्येष्ठ माणूस. गावातली मुलगी, भाऊ राजू, आणि मिठू पोपट. एका भागात आंब्याची मोठी फोड राजूला मिळते. मीना कुरकुरते, तेव्हा दोघं एक दिवस कामांची अदलाबदल करतात, आणि राजूची संध्याकाळपर्यंत जी अवस्था होते ती बघण्यासारखी आहे. चित्रं आजच्या मानाने साधी आहेत, मुलांना पहिली दोन मिनिटं कंटाळवाणी वाटतील. नंतर वाटणार नाहीत. मीना घरकामही भरपूर करते, तरी आपल्याकडच्या पडद्यावर तिच्याइतकी ठाम मुलगी मी फार थोडी पाहिली.

पोनी बघून मुली नखरेल होतात का, हे तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण पत्रात ते डोकावतंय. आरशापुढे उभं राहून क्लिपा लावणं हे वय करतं, कार्टून करत नाही. भीम बघणारी पोरंही आरशापुढे दंड फुगवतात, त्याला कुणी नखरा म्हणत नाही. मीही या वयात आईची लिपस्टिक भिंतीवर संपवली होती.

राहिला वाढदिवस. दप्तराचं सूनबाईंवर सोडा, ते वर्षभर रोज त्यांच्या डोळ्यांसमोर राहणार आहे. नाही म्हणाल्या तर साधं एकरंगी दप्तर आणा, कापडाचे रंग आणा, आणि एका दुपारी दोन्ही पोरांना त्यावर हवं ते काढू द्या. शेजारच्याने काय काढलं ते बघा, बोलू नका. केक मात्र आणाच. रंग छकुलीला विचारा, आणि ऑर्डर द्यायला सूनबाईंना बरोबर घेऊन जा.